मत्स्यविनोद, सांगड आणि नाव : गोदा-मांजरा खोऱ्यातील मासेमारीची वाङ्मयीन नोंद

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर ह्याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ ते ११३१ च्या दरम्यान सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' ह्या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत, आणि हे प्रकरण राजाच्या करमणुकींना वाहिलेल्या चौथ्या विंशतीत येते. गळाने मासा धरणे हा त्याचा विषय. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे अगदी लगत आहे. लातूरचे जुने लत्तलूर हे नाव राष्ट्रकूटांनी आपल्या बिरुदात मिरविले, आणि त्यांच्यामागून आलेल्या चालुक्यांच्या ताब्यात हाच मुलूख राहिला. तेव्हा मराठवाड्याच्या नद्यांवरील मासेमारीची वाङ्मयीन नोंद शोधू पाहणाऱ्याने प्रारंभ कोठून करावा, ह्याविषयी फारसा वाद संभवत नाही. वाद संभवतो तो हे प्रकरण कसे वाचावे ह्याविषयी.

प्रकरणात माशांचे सुमारे पस्तीस प्रकार येतात. समुद्रातील व नद्यांतील असा एक भेद, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असा दुसरा, आणि मोठे, मध्यम, लहान असा आकारावरून तिसरा. कोणत्या माशाला कोणता चारा घालावा, तो चारा कसा मळावा, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, हे सर्व पाककृतीच्या नेमकेपणाने सांगितले आहे. भारतीय प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ह्या प्रकरणाचे विवेचन केले आणि त्यातील माशांची आजच्या जातींशी ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. पुढे ह्या विषयाकडे वळलेल्या अभ्यासकांचे होरा ह्यांच्यावाचून चालत नाही, हे त्या निबंधाचे यश होय.

तथापि ह्या निबंधानंतर मत्स्यविनोदाचा उल्लेख करण्याची जी एक रीत पडून गेली आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरील पहिली पुस्तिका १४९६ मध्ये छापली गेली. आयझाक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ चे. आणि आमचा सोमेश्वर त्याहून पाच शतकांनी जुना. इतके म्हणून झाले की बहुतेक ठिकाणी विवेचन संपते. कालाग्रतेचा हा अभिमान खोटा नाही, पण तो निरुपयोगी आहे. वॉल्टनने आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात गळाला चिंतनशील माणसाची करमणूक म्हटले, आणि सोमेश्वराने त्याला विनोद म्हटले. दोघांच्या शब्दांचा अर्थ एकच. म्हणजे पाच शतकांच्या आणि दोन खंडांच्या अंतरावरही दोन्ही ग्रंथांत मासा धरणारा माणूस असा आहे की ज्याच्या रात्रीच्या भाकरीचा प्रश्न त्या माशावर अवलंबून नाही. हे साम्य कालाच्या अंतरापेक्षा महत्त्वाचे आहे. दोन्ही ग्रंथांना त्यांच्या वाङ्मयप्रकारात बसवणारी गोष्ट तीच होय.

मत्स्यविनोदात कर्ता राजा आहे. मासे एका जागी जमावेत म्हणून त्यांना आधी चारा घालून सवय लावावयाची, मग गळ टाकावयाचा. परंतु हा चारा मळणारा हात कोणाचा, दोरी वळणारा कोण, हे सांगण्याचे त्या प्रकरणाला कारण नाही. येथेच भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते, कारण ज्याला ग्रंथाने कर्तेपद दिले नाही तो ग्रंथाच्या शब्दसंग्रहात शिरून बसला आहे. रोहित, पाठीन ही नावे संस्कृत कोशांना ओळखीची आहेत. पण प्रकरणातील कितीतरी नावे कोशांतून आलेली नाहीत. मोठ्या समुद्री माशाला तेथे 'सोर' म्हटले आहे. तमिळसारख्या द्राविड भाषांतील शार्कवाचक शब्दांशी ते सरळ जुळते. समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या राजधानीत, संस्कृत श्लोकात, किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या तोंडचा शब्द बसला आहे. राजाने मासा पाण्यातून काढला असेल. माशाचे नाव मात्र त्याला कोणीतरी सांगितले आहे, आणि सांगणारा संस्कृत बोलत नव्हता. ह्या दृष्टीने मत्स्यविनोद हा राजाच्या करमणुकीचा ग्रंथ असतानाच अनाम मासेमारांच्या शब्दांची पहिली यादीही ठरतो. प्राणिशास्त्राने त्या यादीचा उपयोग जाती ओळखण्यासाठी केला; भाषाशास्त्राने तिचा उपयोग अद्याप पुरेसा केलेला नाही.

ह्याच 'मानसोल्लासा'त, गीतविनोदाच्या प्रकरणात, मराठीच्या इतिहासकारांनी वारंवार उल्लेखिलेल्या काही मराठी ओळी आहेत. त्या विष्णूच्या अवतारांच्या स्तुतीच्या आहेत. त्यात मत्स्यरूपाने रसातळातून वेद वर आणणाऱ्या देवाचा उल्लेख येतो आणि तो देव संसारसागरातून तारणारा आहे असे म्हटले जाते. मराठीचे हे अतिप्राचीन अवतरण म्हणून विद्यार्थी ते पाठ करतात. परंतु एकाच ग्रंथातील ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक चमत्कारिक वाटणी दिसून येते. संस्कृतात मासा हा गळाला लागणारा आणि राजाचे मन रमविणारा प्राणी आहे. मराठीत तोच तारणारा देव आहे. मराठीच्या पहिल्या उद्गारांतच मासा, पाणी आणि पार नेणे ही तीन पदे एकत्र आली, आणि मासे धरून पोट भरणारा माणूस त्यांतून बाहेर राहिला. पुढच्या आठ शतकांत ही वाटणी फारशी बदलली नाही, असे म्हटल्यास ते धाडसाचे होईल, पण निराधार होणार नाही.

आधार पाहावयाचा तर भाषेतील वाक्प्रचारांकडेच पाहावे. गळाला लागणे, गळ टाकून बसणे, आमिष दाखविणे, जाळ्यात सापडणे, जाळे पसरणे ही सारी मराठीत फसवणुकीची भाषा आहे. 'आमिष' ह्या शब्दाचा मूळ अर्थ मांस. त्यावरून गळाला लावावयाचा घास. आणि आजच्या वर्तमानपत्री मराठीत तर नोकरीच्या वा पैशाच्या खोट्या वचनापलीकडे त्याला दुसरा अर्थ उरलेला नाही. उलट नावेची भाषा पाहावी. नाव पैलतीरी लागणे, नौका पार होणे, तारू किनाऱ्यास येणे ही तरण्याची भाषा. आणि नाव बुडणे हेही तरण्याचाच अभाव सांगते. एका हातात गळ वा जाळे आणि दुसऱ्या हातात वल्हे घेऊन जो माणूस रोज पाण्यावर जातो, त्याच्या एका साधनावरून भाषेने लबाडीची रूपके घेतली आणि दुसऱ्यावरून मोक्षाची. दोन्ही साधने ज्याच्या मालकीची आहेत त्याच्यासाठी मात्र कोणतेही रूपक उरले नाही.

'गळ' ह्या शब्दाकडेच थोडे थांबून पाहणे अवश्य आहे. माशाच्या गळास कन्नडात 'गाळ' आणि तेलुगूत 'गालमु' म्हणतात. बिलोली, देगलूर, धर्माबाद, उदगीर, निलंगा ह्या पट्ट्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ह्या भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात. तेथे हे साम्य दोन कोशांतील योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. संस्कृत कोशांतील 'बडिश' हा शब्द मराठीच्या तोंडी बसला नाही, हेही लक्षणीय आहे. गळाचा व्यवहार करणाऱ्यांनी दक्षिणेकडील शेजाऱ्यांशी शब्दसंबंध राखला, ग्रंथांशी नव्हे. शब्द कोणी कोणाकडून घेतला हा प्रश्न येथे बाजूस ठेवला तरी चालेल. बगाडाच्या नवसात पाठीला टोचावयाचा आकडा तोही गळच. आग्रह करणे ह्या अर्थाचे 'गळ घालणे' हे ह्या लोखंडी गळाशी जोडावे की कंठवाचक गळ्याशी, ह्याविषयी दोन मते होऊ शकतात. आग्रह करणारा माणूस समोरच्याच्या गळ्यात पडतो की त्याला आकडा अडकवितो, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर सोडावे.

आता नावेकडे. जुन्या मराठीत पाण्यावर तरंगण्याच्या साधनांची सर्वांत श्रीमंत नोंद ज्ञानेश्वरीत आहे, आणि ती शके १२१२ मध्ये नेवाशास, प्रवरेच्या काठी, म्हणजे गोदावरीच्याच खोऱ्यात पूर्ण झाली. सातव्या अध्यायातील मायानदीचे रूपक सर्वपरिचित आहे. पण त्यात किती प्रकारांनी लोक ती नदी उतरू पाहतात ह्याची यादी कोणी काळजीपूर्वक करीत नाही. कोणी आपल्या बुद्धीच्या बाहूंवर विसंबून पाण्यात शिरतात. कोणी वेदत्रयाच्या सांगडी घेतात, पण त्याबरोबर अहंकाराचे धोंडेही घेतात, आणि मदरूपी माशाच्या तोंडात सगळेच्या सगळे जातात. ज्याला सद्गुरू हे तारू लाभले, अनुभवाची कास ज्याने घट्ट धरली आणि आत्मनिवेदनाचे तरांडे ज्याच्या हाती आले, तो मात्र पार होतो. बाराव्या अध्यायात देवच तारक होतो. तेथे आपल्या सहस्र नामांच्या नावा सज्ज करून तो संसारात उतरतो. जे एकटे आहेत त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो, ज्यांच्यामागे परिवार आहे त्यांना तरीवर घालतो, आणि एखाद्याच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधून त्याला तीराला आणतो.

टीपाकार येथे बहुधा 'नौका', 'तराफा' असे अर्थ देऊन पुढे सरकतात, आणि रूपकाचा अध्यात्मपर उलगडा करण्यात रमतात. ह्या पद्धतीने ज्ञानेश्वरांच्या नेमकेपणावर अन्याय होतो. कास, पेटी, सांगड, तरांडे, तरी, नाव, तारू ही एकाच वस्तूची सात नावे नव्हेत. कास म्हणजे पोहणाऱ्याच्या कमरेचे वस्त्र; ज्याला पोहता येत नाही त्याने ते धरून मागे तरंगत यावयाचे. एकट्या माणसाला ते पुरते. परिवार असलेल्याला पुरत नाही, म्हणून त्याला तरी हवी. पेटी पोटाशी बांधावयाची, म्हणजे हात मोकळे राहतात. सांगड दोन वस्तू जोडून केलेली. तिला भार फार सोसत नाही, म्हणूनच धोंडे घेऊन सांगडीवर बसणारे बुडतात. रूपकाचा तर्क वस्तूच्या गुणधर्मावर उभा आहे, आणि ज्याने नदी कधी पायी उतरली नाही त्याला तो कळणार नाही. नदीकाठच्या भोयाला व कोळ्याला ही साधने ठाऊक होती, आणि ज्ञानेश्वरांनी ती त्यांच्याकडून घेतली, हे अनुमान शब्दांवरूनच निघते. फरक एवढाच की ज्ञानेश्वरीतले सर्व लोक पलीकडे जाण्यासाठी पाण्यात उतरतात. पाण्यातच काम असलेला, म्हणजे मध्यभागी थांबून जाळे टाकणारा माणूस त्या रूपकात बसत नाही. तेथे मासा माणसाला खातो, माणूस माशाला नव्हे.

'सांगड' ह्या शब्दाचा प्रवास तर समीक्षेच्या वर्गात मुद्दाम सांगण्यासारखा आहे. संस्कृत 'संघाट' म्हणजे जोडकाम, लाकडांचा सांधा. त्यापासून प्राकृतमार्गे हा शब्द आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवृत्तात पूर्व किनाऱ्यावरील, मोठे ओंडके जोडून केलेल्या 'संगर' नावाच्या जहाजांचा उल्लेख आहे, आणि मल्याळममधील 'चङ्ङाटम्' ह्या तराफावाचक शब्दासह त्यांची एक माळ लावता येते. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची व सुधारलेली दुसरी १८५७ ची, सांगड ह्या शब्दाखाली जोडणी आणि तरंगण्याचे साधन हे दोन्ही अर्थ मिळतात. दख्खनच्या नद्यांवर वाळलेले मोठे भोपळे जोडून केलेली सांगड ही गरिबाची नाव होती. आजच्या मराठी समीक्षेत 'परंपरा आणि नवता ह्यांची सांगड' हा शब्दप्रयोग इतका झिजला आहे की एकही शोधनिबंध त्यावाचून पुरा होत नाही. लिहिणाऱ्याला आपण दोन भोपळे बांधून त्यांवर बसलो आहोत, ह्याची कल्पना नसते. असती तर कदाचित वाक्याचा भार जरा जपून टाकला गेला असता.

कोशांचा विषय निघाला आहे तर एक उणीव स्पष्टपणे दाखविली पाहिजे. मोल्सवर्थचे काम मुंबई इलाख्याच्या आश्रयाने झाले. दाते-कर्वे ह्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ ह्या काळात निघाला, तेव्हाही नांदेड आणि लातूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आली, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडली गेली. त्यामुळे पाण्यावरील धंद्याची जी मराठी परिभाषा कोशांत दिसते ती प्रामुख्याने किनाऱ्याची आहे. नाखवा, तांडेल, शीड, डोलकाठी, पगार ही शब्दसंपत्ती कोंकणची, आणि तिच्या मागे बंदरांचा, गलबतांचा, फारसी-अरबी संपर्काचा इतिहास आहे. गोदावरीवरच्या माणसाला शीड नको असते. त्याचा बांबू तळाला टेकतो. त्याचे शब्द वेगळे, आणि ते टिपून घेणारा कोशकार त्याच्या काठी पुरेसा थांबला नाही. निजामाच्या राज्यातील जातिजमातींवर सय्यद सिराज-उल-हसन ह्यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात भोयांवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते मानववंशशास्त्राच्या दृष्टीने लिहिलेले असल्यामुळे विवाहविधी आणि देवदेवतांत गुंतते. पालखी वाहणारा भोई आणि मासे धरणारा भोई एकच, हे त्यातून कळते. 'भोई' हा शब्दही तेलुगू 'बोयी'शी नाते सांगतो. रस्ते झाले, पालखी गेली, आणि भोयांकडे उरले ते पाणी.

परंतु ज्या पाण्यावर हे शब्द वाढले ते पाणीही बदलले. वाहत्या नदीच्या डोहांची जागा धरणांनी घेतली. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा बंधारा होऊन शंकर सागर जलाशय झाला. कंधार तालुक्यात बारूळला मानारचे धरण. मांजरेवर धनेगावचे धरण, ज्यावर लातूर शहर पाण्यासाठी अवलंबून असते. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंगसमुद्र हा ह्या भागातील तलावांचा पूर्वज म्हणता येईल. साठविलेल्या पाण्याला मालक असतो आणि हद्द असते. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा. तलाव ठेक्याने दिले जातात, बहुधा मच्छिमार सहकारी संस्थांना. त्यांत कटला, रोहू, मृगळ ह्यांचे बीज सोडले जाते. मरळ, वाम हे नदीचे मूळचे रहिवासी आता ह्या पाहुण्यांच्या संगतीत राहतात. गळ टाकून बसलेली माणसे बंधाऱ्याच्या भिंतीवर दिसतातच. पण जाळे पसरावयाचे तर आत जावे लागते, आणि आत जाण्यासाठी तरंगणारे काहीतरी स्वतःचे असावे लागते.

शासकीय मराठीने ह्या क्षेत्रात सगळेच वाईट केले असे नाही. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांना 'मत्स्यजिरे' आणि बोटाएवढ्या वाढलेल्या पिलांना 'बोटुकली' हे शब्द परिभाषेतील दुर्मीळ यशांपैकी आहेत. जिरे हे स्वयंपाकघरातले, बोट हे हाताचे. इंग्रजी संज्ञेमागची कल्पना घेऊनही शब्द मराठीच राहिला. ज्याने 'बोटुकली' घडविली त्याने डोळ्यांपुढे मासा आणून ती घडविली असली पाहिजे. उलट साधनांच्या बाबतीत हीच भाषा 'बिगरयांत्रिक नौका' असे म्हणते. ह्या संज्ञेत वस्तूचे वर्णन ती काय नाही ह्यावरून केले आहे. लाकडाची, पत्र्याची वा फायबरची होडी तिच्यात सामावते. परंतु दख्खनच्या तलावांवर कितीतरी मासेमार मालमोटारीच्या चाकातील हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर, किंवा थर्माकोलचे तुकडे जाळीत बांधून केलेल्या तराफ्यावर बसून जाळे टाकतात. पाय पाण्यात सोडून, हातानेच वल्हवीत. त्या ट्यूबला 'नौका' म्हणणे मराठी कानाला हास्यास्पद वाटेल. मग तिला काय म्हणावयाचे? जिला संज्ञा नाही ती वस्तू अर्जात लिहिता येत नाही, आणि अर्जात लिहिता येत नाही तिला अनुदान मागता येत नाही. अपघात झाल्यास पंचनाम्यात काय बुडाले हेही सांगता येत नाही. परिभाषेचा प्रश्न हा येथे शुद्धाशुद्धाचा प्रश्न राहत नाही.

येथे एक लेखनविषयक बाब सहज आठवते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी माणसाचे 'नांव' शीर्षबिंदूने लिहिले जाई आणि पाण्यावरची 'नाव' त्याविना. आता दोन्ही सारखीच. उच्चारात भेद उरलेला नव्हता, तेव्हा नियम योग्यच होता. तरीही ज्ञानेश्वरांनी नामांच्या नावा करण्यामागील श्लेष आज डोळ्यांना अधिक लवकर दिसतो, हा त्या नियमाचा अनपेक्षित लाभ. मासेमाराच्या दृष्टीने मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या राहतात. ठेका संस्थेच्या नावाने असतो, जलाशय एखाद्या नेत्याच्या नावाने असतो, आणि त्याची नाव, ती असलीच तर, त्याच्या एकट्याची असते. तिच्या भोकाची काळजीही त्याची एकट्याची.

मराठवाड्याच्या साहित्याच्या समीक्षेने ह्या जगाकडे पाहिले काय? ह्या साहित्याची चर्चा कोरडवाहूपणाच्या, अवर्षणाच्या चौकटीत करण्याची सवय लागली आहे. त्या चौकटीत पुष्कळ बसते, ह्यात शंका नाही. रा. रं. बोराडे ह्यांच्या 'पाचोळा'ने (१९७१) गावच्या शिंप्याचे घर कादंबरीच्या मध्यभागी आणले; लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या 'उचल्या'ने (१९८७) लातूर परिसरातील भटक्या जमातीचे जगणे मराठी वाचकापुढे उघडे केले. बलुत्यांपैकी आणि बलुत्यांबाहेरच्या एकेका माणसाला ह्या साहित्याने आत घेतले. परंतु समीक्षेने जे सूत्र काढले ते पाण्याच्या अभावाचे. पाणी नसणे हाच प्रदेशाचा स्वभाव मानला की पाण्यावर जगणारा माणूस प्रदेशाबाहेरचा ठरतो. ग्रामीण साहित्याच्या चर्चासत्रांत भोई क्वचित येतो, आणि आला तरी बहुधा पालखीच्या दांडीखाली.

हा आक्षेप केवळ विषयविस्ताराचा नाही. दुष्काळाची चौकट दुष्काळालाच अपुरी पडते, हा खरा मुद्दा. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या वर्षी लिहिल्या गेलेल्या मजकुरात घागरी आहेत, टँकर आहेत, रेल्वेचे डबे आहेत, करपलेला ऊस आहे. अवर्षणाचा बळी म्हणून शेतकरी ओळखला जातो, कारण त्याच्या हानीची भाषा तयार आहे: पीक, कर्ज, सावकार, आणेवारी. आटलेल्या धरणाच्या तळाला मासेमाराचेही एक पीक बुडालेले असते. त्याने सोडलेली बोटुकली वाढण्यापूर्वीच पाणी संपलेले असते. ठेक्याची रक्कम पाण्याबरोबर आटत नाही. पण त्या हानीला आणेवारी नाही. भेगाळलेल्या चिखलावर पडलेली होडी छायाचित्रकाराला दुष्काळाचे चिन्ह म्हणून उपयोगी पडते, आणि चिन्ह झाल्याबरोबर ती पुन्हा कोणाच्या तरी मालकीची वस्तू राहत नाही. 'मानसोल्लासा'पासून चालत आलेली रीत येथेही चालू राहते. राजाच्या विनोदात मासेमार गाळला गेला, संतांच्या रूपकात तो पार नेणाऱ्याच्या मागे लपला, आणि दुष्काळाच्या छायाचित्रात त्याची नाव राहिली, तो गेला.

ह्यावर उत्तर म्हणून मासेमारांची एक कादंबरी कोणी लिहावी असे सुचविणे सोपे आहे, आणि बहुधा व्यर्थही. मागणीने कादंबऱ्या होत नाहीत. विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातील काम वेगळे आहे. मांजरा नांदेड जिल्ह्याच्या सीमेने वाहत जाऊन गोदावरीला मिळते. तिच्या काठी, निलंग्यापासून कुंडलवाडीपर्यंत, गळाचे प्रकार, दोरीचे प्रकार, जाळ्याच्या डोळ्याची मापे, पाण्याच्या खोलीची नावे, वाऱ्याची नावे ह्यांची गावोगाव नोंद करणे शक्य आहे, आणि त्यासाठी तेलुगू व कन्नड जाणणारा एकेक सहकारी पुरे. बोलींच्या सर्वेक्षणात नात्यांची नावे आणि क्रियापदांची रूपे गोळा होतात, ती व्हावीतच. परंतु व्यवसायाची शब्दसंपत्ती जातीच्या बोलीत टिकते आणि व्यवसायाबरोबर जाते, म्हणून ती आधी टिपावी लागते. भोपळ्याची सांगड करणारे हात आता थोडे उरले असतील. ट्यूब आली तेव्हा सांगडीबरोबर कोणते शब्द गेले आणि कोणते ट्यूबवर येऊन बसले, हे विचारण्याची ही वेळ आहे.

अशा नोंदीत 'ट्यूब' ह्या शब्दाखाली काय लिहावे? इंग्रजीतून आलेला शब्द, मालमोटारीच्या चाकाचा भाग, एवढा पहिला अर्थ कोणीही देईल. दुसरा अर्थ देताना तिचा आकार, तिच्यात आडवी बांधावयाची फळी किंवा दोरी, जाळे ठेवावयाची जागा, आणि तिच्यावर एकच माणूस बसू शकतो ही गोष्ट, ही सर्व सांगावी लागतील. आणि तुलनेसाठी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातील पोटाशी बांधावयाच्या 'पेटी'कडे निर्देश करावा लागेल, कारण एकट्या माणसाला तरते ठेवून त्याचे हात मोकळे सोडणे हे काम त्या शब्दानंतर गोदावरीच्या खोऱ्यात दुसऱ्या कोणत्या शब्दाने केले, हे कोशाने अजून सांगितलेले नाही.